भंगारात निघालेल्या संगणकांत मराठी पुस्तके आहेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती आणि छापखाने आपल्या अडगळीच्या खोल्या रिकाम्या करतात आणि जुने संगणक टेम्पो भरभरून बाहेर पडतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. जुन्या पडद्यांतले शिसे उकिरड्यावर पडण्यापेक्षा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेलेले केव्हाही चांगले, त्याला माझा मुळीच विरोध नाही. पण टेम्पोत चढणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या कॅबिनेटची मागची बाजू कोणी तरी आधी पाहावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी १९९५ पासून साताऱ्यात अक्षरजुळणी करते. पुस्तके, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, गावदेवाच्या यात्रेची माहितीपत्रके हे सगळे पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावले, बटर पेपरवर लेझर प्रिंट काढली, त्यावरून प्लेट झाली आणि छपाई झाली. पीडीएफ करून ठेवायची पद्धत तेव्हा आमच्यासारख्या लहान ठिकाणी नव्हती. फाइल सीडीवर किंवा फ्लॉपीवर उतरवायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, की काम संपले. आता त्याच घरांतली पुढची पिढी ती सीडी घेऊन येते आणि म्हणते, "काकू, आजोबांच्या पुस्तकाची फाइल आहे, फक्त उघडून द्या."

ती 'फक्त' उघडत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ मध्ये आली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७ च्या फायली उघडत, पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. आणि फाइल उघडली तरी मजकूर वाचता येईलच असे नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोज ९८ मध्ये देवनागरीची सोयच नव्हती. म्हणून प्रत्येक फॉन्ट कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले. एका कंपनीच्या फॉन्टात जिथे 'क' तिथे दुसरीच्या फॉन्टात काना. नेमका तोच फॉन्ट संगणकात नसेल, तर अख्खे पुस्तक इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसते. शिवाय बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरना लॉक असे. कॅबिनेटच्या मागे प्रिंटरच्या २५ छिद्रांच्या पोर्टला काडेपेटीएवढा एक ठोकळा लावायचा आणि त्यात प्रिंटरची केबल खोचायची. तो ठोकळा नसला, तर सॉफ्टवेअर सुरू होत नाही.

मागची बाजू पाहा म्हणते ती यासाठी. भंगारवाल्याला त्या ठोकळ्याची किंमत शून्य असते. संगणक विकत घेणाराही तो काढून बाजूला टाकतो, कारण तो कशाचा आहे हे त्याला माहीत नसते. त्या ठोकळ्याबरोबर त्या छापखान्याने दहा-पंधरा वर्षे लावलेली सगळी पाने बंद होतात.

यावर हमखास विचारतात, की छापील प्रत असताना फाइल कशाला हवी? स्कॅन करा. त्याचे उत्तर मी एका कामावरून देते.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली जावळी आणि पाटण तालुक्यांतली गावे गेली. तिथून उठलेल्या घरांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवून आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पुस्तिका काढली होती. गुरुजी आता नाहीत. त्यांची नात सीडी घेऊन आली. माझ्याकडच्या जुन्या संगणकावर फाइल उघडली, फॉन्ट सापडला, पाने दिसू लागली. पेजमेकरमध्ये पानाच्या चौकटीबाहेर मोकळी जागा असते, तिला आम्ही पेस्टबोर्ड म्हणतो. तिथे ठेवलेली वस्तू छापली जात नाही, पण कोणतेही पान उघडा, ती शेजारी दिसत राहते. पाने लावताना जो मजकूर बसत नाही, तो अक्षरजुळणी करणारे तिथे ओढून ठेवतात. गुरुजींचे पुस्तक चार फॉर्मांत, म्हणजे ६४ पानांत बसवायचे होते, कारण पाचव्या फॉर्मच्या कागदाला पैसे नव्हते. उरलेल्या ओव्या पेस्टबोर्डवर तशाच होत्या. प्रत्येकीखाली सांगणाऱ्या बाईचे नाव, माहेरचे गाव आणि सासरचे गाव. त्यांतली काही गावे आज पाण्याखाली आहेत. छापील पुस्तिकेत त्या बायका नाहीतच. हजार वेळा स्कॅन केले तरी त्या सापडल्या नसत्या.

अशा किती फायली असतील, याचा अंदाज आपल्याच वाचकांनी करावा. १९९० ते २००५ या काळात गावोगावी डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, पोचले आणि पूर्वी कधी छापले गेले नसते असे लोक छापले गेले. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आणि ताम्रपट, शिलालेख, पोथ्या यांची चर्चा सुरू झाली, ती व्हायलाच हवी. पण पोथी कपाटात तीनशे वर्षे टिकते, सीडी आणि फ्लॉपी तेवढी वाट पाहत नाहीत. आमच्याकडच्या पावसात फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते, ती मी डोळ्यांनी पाहते आहे.

म्हणून माझी मागणी अशी, की प्रत्येक जिल्ह्यात, शक्य तर प्रत्येक तालुक्यात, या फायली उघडू शकेल असा एक जुना संगणक चालू स्थितीत ठेवावा. जिल्हा ग्रंथालये, मुद्रकांच्या संघटना, महाविद्यालयांचे मराठी विभाग यांपैकी कोणीही हे करू शकते. राज्य मराठी विकास संस्थेने मनावर घेतले तर आणखी उत्तम. खर्च फार नाही. मात्र संगणक निवडताना आणि दुरुस्त करताना काय पाहायचे, हे नीट माहीत हवे, आणि ते माहीत असलेली आमची पिढी आता साठीकडे झुकली आहे. तेवढे इथे लिहून ठेवते.

संगणक किती जुना घ्यायचा, हे सॉफ्टवेअर आणि लॉक पाहून ठरवावे. सगळ्यात जुना तो सगळ्यात उपयोगी, असे अजिबात नाही. लॉक यूएसबीचे असेल आणि सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालत असेल, तर कोअर टू ड्युओच्या काळातला साधा ऑफिसचा संगणक घ्यावा, पेजमेकर ७ त्यावर चालतो. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर प्रिंटरचे जुने पोर्टही असते. असे संगणक अजून सहज मिळतात आणि निम्म्या लोकांचे काम तिथेच भागेल.

विंडोज ९८ च लागत असेल, तर माझी पसंती पेंटियम थ्री प्रोसेसर आणि इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (बोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड. हा चिपसेट १९९८ चा. त्यावरच्या बोर्डांवर प्रिंटर पोर्ट, फ्लॉपीची जोडणी, यूएसबी, जादा कार्डे बसवायच्या पीसीआयच्या खाचा आणि बहुधा त्याहून जुन्या एक-दोन आयएसए खाचाही असतात. म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातले कार्ड आणि नंतरचे नेटवर्क कार्ड एकाच कॅबिनेटमध्ये चालतात. २००० नंतरच्या बहुतेक बोर्डांवरून आयएसए खाच गेली.

ही खाच महत्त्वाची का, ते पुण्याच्या सी-डॅकचे गिस्ट कार्ड वापरलेल्यांना सांगायला नको. विंडोज सर्वत्र पोचण्याआधी हेच कार्ड आयएसए खाचेत बसवून माहितीच्या याद्या ठेवणाऱ्या डीबेससारख्या डॉस प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटत असे. याद्या, नोंदवह्या, सभासदांची खाती त्यावर झाली. त्यातला मजकूर इस्की या भारतीय मानकात साठवलेला असे आणि ते मानक सगळ्यांना एकच होते. त्यामुळे तो मजकूर कार्ड नसतानाही आज युनिकोडमध्ये आणता येतो. नंतरच्या, फॉन्टवर आधारलेल्या फायलींपेक्षा हे काम कितीतरी सोपे आहे. तेव्हा डॉसच्या फायली फार जुन्या आहेत म्हणून कोणी आशा सोडू नये. मूळ प्रोग्रॅमच चालवून पाहायचा असेल, तरच कार्ड आणि खाच लागते.

४८६ किंवा त्याआधीच्या संगणकाच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. त्यांच्या बोर्डवर बहुधा निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असते. ती फुटून पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. असा बोर्ड हाती आलाच, तर बॅटरी आधी कापून काढावी, हिरवे डाग व्हिनेगरने पुसावेत आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावे. पेंटियम थ्रीच्या बोर्डवर मात्र साधा सीआर२०३२ चा नाण्यासारखा सेल असतो, तो कोणीही बदलू शकतो. जुन्या डॉस प्रोग्रॅमसाठी फार वेगवान संगणकही चालत नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या संगणकावर 'रनटाइम एरर २००' देऊन सुरू होताच थांबतात. वेळ मोजण्याच्या त्यांच्या गणितात अपेक्षेपेक्षा मोठी संख्या येते आणि भागाकार फसतो. त्यावर दुरुस्ती उपलब्ध आहे, म्हणून पेंटियम थ्री टाळायचे कारण नाही.

संगणक शोधायला पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. पण माझ्या मते बंद पडलेला छापखाना हीच सर्वांत चांगली जागा. तिथे संगणकाबरोबर लॉक, सॉफ्टवेअरच्या मूळ फ्लॉप्या, फॉन्टची पुस्तिका आणि कीबोर्डचा तक्ता मिळतो. हे चारही मागून घ्यावे. चालू करण्याआधी कॅबिनेट उघडून बोर्डवरचे कपॅसिटर पाहावेत. डोके फुगले असेल किंवा तपकिरी द्रव आला असेल, तर ते बदलल्याशिवाय वीज देऊ नये. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून टाकून दिलेले कितीतरी संगणक एवढ्यावर चालू होतात.

आणि एक अगदी कळकळीने सांगते. आहे ती हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका. संगणक दुरुस्त करणारी मुले कामाला बसली की पहिल्यांदा तेच करतात, नव्या संगणकाला ते योग्यही असते. इथे त्या डिस्कवरच फॉन्ट आहेत, लॉकचे ड्रायव्हर आहेत, कोणा अनोळखी अक्षरजुळणीकाराने वर्षानुवर्षे घातलेली मांडणी आहे. डिस्क बाहेर काढावी, आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) ते यूएसबी जोडणी वापरून नव्या संगणकावर तिची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी आणि मगच पुढच्या कामाला हात घालावा. वीस-पंचवीस वर्षांची डिस्क किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो. प्रतिमा घेऊन झाली, की ती डिस्क नाव आणि तारीख घालून कपाटात ठेवावी आणि संगणकात कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवावे. हे कार्ड मुळातच आयडीईच्या भाषेत बोलते, साध्या अडॅप्टरवर ते हार्ड डिस्कसारखे चालते. आकाराचा मोह नको. काही जुने बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे बोर्डवरचे प्रोग्रॅम, ८.४ जीबीच्या पुढे पाहू शकत नाहीत, काही ३२ जीबीच्या पुढची डिस्क लावली की सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ९८ चा स्वतःचा ड्रायव्हर १३७ जीबीला अडतो. ८ जीबीचे कार्ड या कामाला भरपूर आहे.

रॅम २५६ एमबी ठेवावी. ५१२ च्या पुढे गेले की विंडोज ९८ गोंधळते आणि स्मृती अपुरी असल्याचे सांगते. सिस्टिम डॉट आयएनआय फायलीत व्हीकॅशची, म्हणजे डिस्कसाठी राखलेल्या स्मृतीची, मर्यादा घालून ते सुधारता येते, पण पाने लावायला तेवढी रॅम लागतच नाही. बीएक्सच्या बोर्डवर २५६ एमबीची पट्टी घेताना तिच्यावर सोळा चिप आहेत ना, हे पाहावे. आठ चिपची पट्टी तो बोर्ड निम्मीच धरतो.

एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र काटकसर करू नये. जुना असेल तर बदलावाच. पेंटियम थ्रीचे बोर्ड बरीचशी वीज ५ व्होल्टवरून घेतात, आजचे एसएमपीएस १२ व्होल्टवर भर देतात. तेव्हा वॉटचा मोठा आकडा न पाहता लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. काही जुन्या आयएसए कार्डांना उणे ५ व्होल्टही लागते, नव्या एसएमपीएसमध्ये ती तार नसते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड यांवर पैसे घालू नयेत. पडदाही जुना नको, व्हीजीए असलेला कोणताही एलसीडी चालतो. फायली बाहेर काढायला साधे पीसीआय नेटवर्क कार्ड बसवावे, पण या संगणकाला इंटरनेट जोडू नये. विंडोज ९८ च्या सुरक्षा दुरुस्त्या जुलै २००६ मध्ये थांबल्या आहेत. पेन ड्राइव्हसाठी विंडोज ९८ मध्ये सर्वसाधारण ड्रायव्हर नाही, तो वेगळा घालावा लागतो.

आभासी संगणकात, म्हणजे आजच्या लॅपटॉपमधल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ९८ चालते, मग हा लोखंडी खटाटोप कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. ज्या सॉफ्टवेअरला लॉक नाही त्यासाठी त्यांनी अवश्य तसेच करावे, मीही करते. पण प्रिंटर पोर्टचे लॉक आभासी संगणकाला दाखवणे फार कटकटीचे असते, आयएसए कार्ड लॅपटॉपमध्ये बसत नाही आणि फ्लॉपी वाचायला फ्लॉपी ड्राइव्हच लागतो.

फाइल उघडली की तिथेच थांबू नये. विंडोज ९८ मध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर घालावा, पोर्ट म्हणून फाइल निवडावी, फॉन्ट त्या फायलीत सामील करावेत आणि सगळे पुस्तक प्रिंट करावे. ती फाइल नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅममधून नेली, की पीडीएफ तयार होते. पुस्तकाचा आकार डेमी असो वा क्राऊन, पान हुबेहूब मिळते. पेस्टबोर्डवरचा मजकूर कोऱ्या पानांवर ओढून घेऊन त्याचीही प्रिंट करावी, हे विसरू नये. या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, त्यासाठी मजकूर वेगळा एक्स्पोर्ट करून युनिकोडमध्ये बदलावा लागतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार नेमका उलटा, जुन्या फॉन्टांत अक्षरानंतर होता, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी येतो. जोडाक्षर आले की या दोन्ही ठिकाणी घसरण होते, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला ऱ हमखास बिघडतो. पीडीएफ शेजारी ठेवून मुद्रितशोधन करायलाच हवे. गुरुजींच्या ओव्या त्यांच्या नातीने आणि मी अशाच ओळीला ओळ लावून वाचल्या.

शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयांतही त्या काळी पाने अशीच लागत होती. पुरवण्या, तालुका वार्तापत्रे, निवडणूक विशेषांक, जागेअभावी मागे राहिलेल्या बातम्या यांच्या फायली कुठल्या तरी कपाटात सीडीवर असतील. त्या उघडणारा संगणक आणि त्याचे लॉक आज आपल्या कोणत्या कार्यालयात आहे, याची यादी करून ती आपण छापावी. पाठोपाठ इतर वृत्तपत्रे आणि छापखाने आपापली नावे कळवतील. सातारा जिल्ह्यापुरते पहिले नाव माझे लिहून घ्यावे. लॉक, फॉन्ट आणि फ्लॉपी ड्राइव्ह तिन्ही चालू आहेत.

आपली नम्र,
एक अक्षरजुळणीकार, सातारा